इचारणारे डॉक्टर आणि त्यांची पेटी

गेल्या पावसाळ्यात मी मुरुमला पुतण्याकडं राहायला गेले होते. सोयाबीनची पानं पिवळी पडायला लागली होती. पुतण्यानं एक पान तळहातावर धरून फोननं त्याचा फोटो काढला. पापणी लवायच्या आत फोननं रोगाचं नाव सांगितलं, फवारणी कशाची करायची तेही सांगितलं. बांधावर उभे असलेले शेजारी चाट पडले. पुतण्या माझ्याकडं वळून म्हणाला, "काकू, ह्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. आता यंत्रालाच अक्कल आलीय."

मी म्हटलं, "नाव मला नवं आहे. पण असलं काहीतरी मी लोहाऱ्यात पाहिलंय. गुरांच्या दवाखान्यात होतं आणि एका लाकडी पेटीत मावत होतं."

त्या सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. म्हातारी भ्रमली, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्या दिवसापासून त्या दवाखान्यातले कलशेट्टी डॉक्टर माझ्या डोक्यातून जाईनात. लिहून काढल्याशिवाय ते जाणारही नाहीत. जिवंतपणी तरी ते सांगायचं ते पूर्ण सांगितल्याशिवाय कुणाच्या ओट्यावरून कधी उठले होते?

मराठवाडा महाराष्ट्रात आला त्यानंतरची ती दोन-चार वर्षं. लोहारा तेव्हा तालुका नव्हता. आठवड्याचा बाजार, मुलींची शाळा, आणि गुरांचा एक दवाखाना, एवढंच. मी त्या शाळेत शिक्षिका म्हणून नवीन लागले होते. आई आणि मी दवाखान्याला लागून असलेल्या खोलीत राहत होतो. मधली भिंत अशी पातळ, की डॉक्टर गायीशी बोलतात ते आम्हांला चुलीपुढं ऐकू यायचं.

डॉक्टर सीमेवरचे. घरात कन्नड, शिक्षण हैदराबादला उर्दूतून, नोकरी मराठीत. आकडेमोड ते कन्नडमध्ये करायचे, रागवायचे दख्खनी उर्दूत, आणि आनंद झाला की तिन्ही भाषा एकदम सुटायच्या. उंच, वाळके, नाकावर घसरलेला चष्मा. सायकलवर बसले की गुडघे हँडलला लागायचे. पस्तिशी ओलांडलेली, लग्न केलेलं नाही. आईनं एकदा कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "मुलगी बघायला गेलो होतो. मीच लई विचारत बसलो. त्यांनी नकार कळवला."

विचारणं हा त्यांचा स्वभावच होता. आणि प्रश्न एकच: हे तुम्हांला कसं कळलं? गुराखी म्हणाला की आज पाऊस येणार, की हे सायकलवरून उतरलेच. कशावरून? ढगावरून. ढगात काय बघितलंस? रंग. रंग तर कालही असाच होता, मग काल का नाही म्हणालास? गुराखी बिचारा डोकं खाजवायचा आणि शेवटी त्याच्या तोंडून असं काहीतरी निघायचं, जे त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. मग डॉक्टर खूश होऊन पुढं जायचे. गावानं त्यांचं नावच ठेवलं होतं, इचारणारे डाक्टर.

एकदा आई अंगणात काळ्या मसाल्याची मिरची भाजत होती. डॉक्टर कुंपणाशी येऊन उभे राहिले. मिरची झाली हे कसं ओळखता, आई? वासानं, आई म्हणाली. वास तर मघापासून येतोय. आईनं उलथनं थांबवून विचार केला आणि म्हणाली, ठसका लागायच्या जरा आधी उतरवायची. डॉक्टरांनी अशी काही मान डोलावली, जणू कुणी वेदवाक्य ऐकवलं होतं. ते गेल्यावर आई मला म्हणाली, "या माणसाला जेवायला वाढलं तर भूक कशी ओळखली म्हणून विचारील."

एका रविवारी सकाळी मी केस धुऊन उन्हात बसले होते. डॉक्टर हातात एक मासिक घेऊन जवळजवळ पळतच आले. हैदराबादचा त्यांचा एक मित्र वाचून झालेली इंग्रजी मासिकं गठ्ठ्यानं पाठवायचा. "बाई," ते म्हणाले, "माणसं विचार करणारं यंत्र बनवायला बसलीत."

आणि मग ओट्यावर उकिडवे बसून त्यांनी सगळी कथा सांगितली. लढाईच्या काळात शत्रूच्या गुप्त भाषेतले निरोप उलगडायला विलायतेत यंत्रं बनवली होती. त्या कामातला एक गणिती पुढं म्हणाला, यंत्र विचार करतं का यावर वाद कशाला घालता? पडद्याआड एकीकडं माणूस बसवा, एकीकडं यंत्र. दोघांना चिठ्ठीवर प्रश्न विचारा. उत्तरं वाचून माणूस कोण नि यंत्र कोण हे ओळखता आलं नाही, तर आणखी काय हवं? मग अमेरिकेत काही विद्वान सुट्टीत एकत्र जमले आणि या विद्येला त्यांनी नाव दिलं, बनवलेली बुद्धी. एकानं यंत्राला सोंगट्यांचा खेळ शिकवला. ते यंत्र स्वतःशीच खेळत खेळत इतकं तरबेज झालं, की शिकवणाऱ्यालाच हरवायला लागलं. कुणी यंत्राकडून रशियन वाक्यांचं इंग्रजी करून घेतलं होतं. आणि ती यंत्रं केवढी, तर एकेक आमच्या शाळेएवढं.

मी म्हटलं, "पण याचा आपल्याला लोहाऱ्यात काय उपयोग?"

त्यांनी चष्मा वर सरकवला. मग म्हणाले, "बाई, आसपासच्या सगळ्या गावांना मी एकटा. मी एका गावात असतो तेव्हा दुसऱ्या गावात गाय मरते. माझी अक्कल माझ्या डोक्यातून काढून पेटीत ठेवता आली, तर रसूलभाई ती घेऊन दुसऱ्या गावाला जाऊ शकतील. यंत्र शाळेएवढंच कशाला लागतंय? अक्कल म्हणजे काय, ओळीनं विचारलेले प्रश्न."

रसूलभाई हे दवाखान्यातले ड्रेसर. मलमपट्टी करणारे, इंजेक्शन देणारे, शांत, दाढी पांढरी होत आलेली. ते दारात उभे राहून ऐकत होते. एवढंच म्हणाले, "साहब, मेरी अक्कल मत निकालना. थोडीच हाय."

पेटी तयार व्हायला पावसाळा गेला. मुरुमच्या एका कापडवाल्याकडून ठाणाच्या आत घालतात ते पुठ्ठे आणले, एका मापाचे कापले. एका रोगाला एक कार्ड. कार्डाच्या कडेनं भोकांची रांग. प्रत्येक भोक म्हणजे एक लक्षण. ताप, लाळ, सूज, लंगडणं, रवंथ बंद. ज्या रोगात ताप येतो, त्याच्या कार्डावर तापाच्या भोकापासून कडेपर्यंतचा पुठ्ठा कापून टाकायचा. ज्यात येत नाही, त्याच्या भोकाबाहेरची कड तशीच ठेवायची. मग सगळी कार्डं एकत्र धरून तापाच्या भोकातून सायकलच्या चाकाची तार आरपार घालायची आणि गठ्ठा उचलायचा. तापाच्या रोगांची कार्डं खाली गळून पडतात, बाकीची तारेला लटकून राहतात. जनावराला ताप असेल तर पडलेली घ्यायची, नसेल तर लटकलेली. त्यातून पुढच्या लक्षणाला पुन्हा तार. असं करत करत शेवटी एक कार्ड उरतं. त्यावर रोगाचं नाव, मागं उपाय. ते सगळं माझ्या अक्षरात, कारण डॉक्टरांचं अक्षर त्यांचं त्यांनाही लागत नसे. पुठ्ठे कापून कापून त्यांच्या बोटांना कायम बारीक जखमा असायच्या.

कार्डात घालायचं काय, ते विचारत ते गावोगाव हिंडले. धनगरांच्या वाड्यावर मुक्काम केला. पहिल्यांदा पूर्ण गठ्ठ्यातून एकेक लक्षणाची तार घालत गेले आणि शेवटी फऱ्या रोगाचं एकच कार्ड टप्पकन पडलं, तेव्हा डॉक्टरांनी ते उचलून कपाळाला लावलं. पुढं त्यांनी आणखी एक युक्ती काढली. कार्ड खरं ठरलं की त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीचा एक ठिपका द्यायचा. दोन कार्डं उरली, तर जास्त ठिपक्यांचं आधी तपासायचं. "पेटी शिकायला लागली, बाई," ते मला म्हणाले, आणि दिवसभर ज्याला त्याला तेच सांगत सुटले.

आज कळतं की त्या ठिपक्यांतच पुढची सगळी गोष्ट होती. आताच्या यंत्राला कुणी एकेक लक्षण सांगत बसत नाही. लाखो पानांचे फोटो दाखवतात, हे रोगट, हे निरोगी. त्यातून ते आपलं आपण ठिपके देत शिकतं. माझा फोन माझा सुरकुतलेला चेहरा ओळखून उघडतो. पुतण्याला रस्ता सांगतो आणि कुठं गर्दी आहे तेही सांगतो. कन्नडमध्ये आलेला निरोप मराठीत करून देतो. माझ्या नावावर कुणी भलताच व्यवहार केला तर बँकेला म्हणे आधी यंत्राचाच संशय येतो. घरच्यांना या सगळ्याची आता सवय झालीय. मला अजून प्रत्येक वेळी तार उचलल्यासारखं वाटतं.

त्या वर्षीच्या शाळेच्या संमेलनात डॉक्टरांनी हट्टानं तो पडद्याचा खेळ लावला. मंडपात चादरी बांधून दोन आडोसे केले. एकात डॉक्टर, दुसऱ्यात पेटी घेऊन रसूलभाई. लोकांनी आपल्या जनावराची तक्रार सांगायची, दोन्हीकडून चिठ्ठी येणार, मी ती एकाच आवाजात वाचणार. कुठल्या आडोशात डॉक्टर आणि कुठल्यात पेटी, ते लोकांनी ओळखायचं. बाजारचा दिवस होता, सगळा गाव लोटला.

पहिल्यांदा एकानं उठून सांगितलं, गाय लंगडते. उजवीकडून सरळ उत्तर आलं, खुरात खडा असेल, पाय उचलून पाहा. डावीकडून आलं, ताप आहे का? नाही म्हटल्यावर पुन्हा, लाळ गळते का? मग, सूज आहे का? लोक हसायला लागले. एवढं इचारतंय म्हणजे डावीकडं डाक्टरच, दुसरं कोण. पुढच्या तक्रारींनाही तसंच. उजवीकडून झटकन उत्तर, डावीकडून प्रश्नावर प्रश्न. मग एक म्हातारी उठली आणि म्हणाली की तिची म्हैस तिला दूध देते, पण सुनेला देत नाही. हे का? उजवीकडून चिठ्ठी आली, सुनेला दोन दिवस म्हशीजवळ नुसतं बसू द्या. डावीकडून आली, माहीत नाही.

गावानं एकमुखानं निकाल दिला. डावीकडं डॉक्टर. माहीत नाही असं कबूल करणारा सरकारी माणूस लोहाऱ्यात एकच होता.

चादर सरकवली तर डावीकडं रसूलभाई, मांडीवर पेटी, हातात सायकलची तार. माणसाला यंत्र आणि यंत्राला माणूस ठरवलं होतं. डॉक्टर उजवीकडून बाहेर आले ते दोन्ही हात वर करूनच. "मी हरलो," ते लोकांना सांगत होते, "पेटीनं मला हरवलं." एवढ्या आनंदानं हरलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

त्या आनंदाच्या भरातच त्यांनी पुढचा बेत केला. आठवडाभर डॉक्टर रजेवर, पेटीच डॉक्टर. तपासायला जायचं स्वतःच, पण आपलं डोकं वापरायचं नाही. पेटी विचारील तेवढंच विचारायचं, सांगेल तेवढंच करायचं. रसूलभाईंना ते आवडलं नव्हतं. सुरुवातीचे दिवस उत्तम गेले. जातील तिथं कार्ड बरोबर पडायचं. डॉक्टर गाणं म्हणत सायकलवरून परत यायचे.

आमच्या घरामागच्या गल्लीत शिवाप्पा नावाचा शेतकरी आणि त्याची बायको गंगव्वा राहत. त्यांच्या तांबड्या बैलानं खाणंपिणं सोडलं होतं. निरोप आला तेव्हा शाळा सुटली होती. कार्डांवरचं अक्षर माझं, म्हणून डॉक्टर मलाही बरोबर घेऊन गेले. बैल मान ताणून उभा होता. तोंड अर्धवट उघडं, लाळेची तार जमिनीपर्यंत. डॉक्टरांनी त्याचा ओठ उचलून आत पाहिलं आणि पेटी उघडली. लाळ? हो. ताप? नाही. खुरात जखम? नाही. गिळता येतं? नाही. एक कार्ड उरलं. घशात अडकणे. मागं माझ्याच अक्षरात उपाय होता: जबड्यात लाकडी ठोकळा धरून हात आत घालावा आणि अडकलेला पदार्थ काढावा.

शिवाप्पा म्हणाला की सकाळी त्यानंही हात घालून बघितला, त्याच्या हाताला काही लागलं नाही. डॉक्टर म्हणाले, तुमचा हात आखूड. त्यांनी बाही खांद्यापर्यंत दुमडली, हाताला साबण लावला. रसूलभाई ठोकळा घेऊन तयार राहिले.

गंगव्वा पाण्याची घागर घेऊन बाजूला उभी होती. ती कुणाला उद्देशून नाही, आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "दोन दिसापासनं ह्येचं हंबरनं बी परक्यावानी लागतंय."

डॉक्टरांचा हात बैलाच्या तोंडापाशी होता. तो तिथंच थांबला. काय म्हणालात, त्यांनी विचारलं. हात का थांबला, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. फक्त डॉक्टरांच्या चेहऱ्याचा रंग गेलेला दिसला.

गंगव्वा भ्यायली. तिला वाटलं, बोलू नये ते बोलले. डॉक्टरांनी हात हळूच मागं घेतला आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, परका म्हणजे कसा? घोगरा, ती म्हणाली, आमच्या बैलाचा नसल्यासारखा. मग त्यांनी शिवाप्पाला विचारलं, मागं कधी कुत्रं चावलं होतं का? शिवाप्पानं आठवून सांगितलं, सुगीच्या आधी खळ्यावर एक कुत्रं अंगावर आलं होतं. बैलाच्या मागच्या पायाला जरासं लागलं होतं, ते कधीच बरं झालं.

"सगळे मागं व्हा," डॉक्टर म्हणाले. "बैल पिसाळलाय."

पिसाळलेल्या जनावराचा घसा लुळा पडतो. बघणाऱ्याला वाटतं काही अडकलंय, आणि तो मायेनं हात घालतो. लाळेत विष असतं. शिवाप्पानं सकाळी हात घातला होता, गंगव्वानं पदरानं लाळ पुसली होती, आणि डॉक्टरांनी कापलेल्या बोटांनी ओठ उचलला होता. त्यांनी सगळ्यांना विहिरीवर नेऊन साबणानं हात धुवायला लावले, पुन्हा धुवायला लावले, स्वतःचे धुतले. मग ते विहिरीच्या काठावर बसले.

मी विचारलं, "पिसाळण्याचं कार्ड का नव्हतं?"

ते म्हणाले, "मुद्दाम केलं नाही, बाई. त्याला औषधच नाही. मला वाटलं, ज्याला औषध नाही त्याचं कार्ड कशाला? पेटीला जेवढं सांगितलं तेवढ्यात तिनं बरोबर उत्तर दिलं. आणि आठवडाभर मीच पेटी होऊन बसलो होतो."

खरी लढाई पुढंच होती. त्या काळी यावर पोटात सुया घ्याव्या लागत आणि त्या उस्मानाबादला मिळत, रोज एक, चौदा दिवस. शिवाप्पा तयार होईना. एक बैल हातचा जाणार, शेत उघडं पडणार. शिवाय पलीकडच्या गावात कुत्र्याचं विष मंत्रानं उतरवणारा एक बाबा होता. गल्लीत माणसं जमली. पेटी खोटी निघाली, हे तोवर गावभर झालं होतं. शिवाप्पा सर्वांसमोर म्हणाला, "डाक्टर, तुमची पेटी चुकली. मग तुमची सुई खरी कशावरनं?"

मला वाटलं, आता डॉक्टर रागावणार. पण त्यांचा चेहरा एकदम उजळला. आयुष्यभर ज्याला त्याला विचारलेला प्रश्न कुणीतरी त्यांना विचारला होता. ते म्हणाले, "लई चांगलं विचारलंत. पेटी माझी एकट्याची, कालची. तिला अजून कुणी नीट विचारून बघितलं न्हाय. सुईला किती तरी लोकांनी, किती तरी वर्षं विचारून बघितलंय. आणि मी स्वतः ती घेणार हाय. पहिली माझ्या पोटात. तुम्ही शेजारी उभं राहून बघा, मग ठरवा."

गंगव्वा घरात गेली आणि भाकरीचं गाठोडं बांधून बाहेर आली. "चला," ती नवऱ्याला म्हणाली. "बैल हातचा गेला. आता मला दुसरं काय घालवायचं न्हाय."

बैल दुसऱ्या दिवशी गेला. रसूलभाईंनी चुना टाकून त्याला खोल पुरलं. हे तिघं एसटीनं उस्मानाबादला गेले आणि सगळे दिवस तिथल्या धर्मशाळेत राहिले. एका रविवारी मी आईनं दिलेल्या पोळ्या घेऊन भेटायला गेले. मनात धास्ती होती. पाहते तर डॉक्टर पोटावर ओला फडका टाकून आडवे झालेले, आणि समोर गंगव्वा भिंतीला टेकून निरनिराळ्या जनावरांचे आवाज काढून दाखवत होती. तहानलेली गाय कशी हंबरते, वासरू चुकल्यावर कशी, पोट दुखत असल्यावर कशी. डॉक्टर मध्येच थांबवून हा आधीच्यापेक्षा वेगळा कसा म्हणून विचारत होते, आणि ती न कंटाळता पुन्हा आवाज काढत होती. शिवाप्पा हसून म्हणाला, "बाई, धर्मशाळेतली मानसं इचारत्यात, ही गुरं कुठं बांधलीत म्हणून."

मला पाहताच डॉक्टर उठून बसले. पोट दुखत असणार, पण त्याचा पत्ता नव्हता. पेटीच्या कार्डांना आता वरच्या कडेनंही भोकं पाडायची होती, आवाजाची. आणि पेटीत सगळ्यांत वर एक लाल कार्ड ठेवायचं होतं, भोकं नसलेलं. जनावराला हात लावण्याआधी ते वाचायचं: घरच्यांना विचारा, पेटीनं विचारलं नाही असं काय वेगळं दिसतंय? पिसाळण्याचं कार्ड त्यांनी तिथंच बसून कापलं. मागं काय लिहू, मी विचारलं. उपाय तर नाही.

ते म्हणाले, "लिहा. जनावराला औषध नाही. माणसांना वाचवा."

तिघंही सुखरूप परत आले. पेटी गावाला पुन्हा मान्य व्हायला वेळ लागला, पण झाली. आणि गंमत म्हणजे ती चुकल्यामुळंच झाली. आधी लोक पेटीपुढं मुकाट बसायचे. आता पेटी उघडली की पहिल्यांदा घरची बाई बोलायची. पुढच्या पावसाळ्यात गुरांमध्ये घटसर्पाची साथ आली, तेव्हा डॉक्टर एका बाजूच्या गावांना आणि रसूलभाई पेटी घेऊन दुसऱ्या बाजूच्या गावांना गेले. रसूलभाईंच्या बाजूची कितीतरी जनावरं वाचली. परत आल्यावर ते पेटी ठेवत मला म्हणाले, "बाई, साहब की अक्कल लई वजनदार हाय. खांदा दुखला."

पुढं डॉक्टरांची बदली झाली, माझंही लग्न होऊन मी लातूरला गेले. काही वर्षं गाठभेट नव्हती. एकदा मी माहेरच्या एका कार्याला बार्शीकडं निघाले होते, छोट्या रेल्वेनं. गाडी येडशीला थांबली. उन्हं कलली होती, रामलिंगाच्या डोंगरावर झाडी पिवळी दिसत होती. फलाटावरून एक उंच माणूस ओळखीचं कुणी दिसतंय का ते बघत प्रत्येक डब्यात डोकावत येत होता. आता केस पिकलेले, चष्मा तसाच घसरलेला. मला बघून त्यांनी कशा आहात, मुलंबाळं किती, असं काही विचारलंच नाही. खिडकीचे गज धरून म्हणाले, "बाई, मी ते यंत्र बघून आलो."

रजा काढून ते मुंबईला गेले होते. तिथल्या एका संस्थेत ते मोठं यंत्र बसवलं होतं. परवानगीसाठी त्यांनी किती पत्रं लिहिली असतील कोण जाणे. खोली गार, ते सांगत होते, बाहेर घाम आणि आत स्वेटर. कपाटांमागून कपाटं, आणि कपाटांवर दिवे लुकलुकतायत. "आणि त्याला काम सांगतात ते कशानं, सांगा बघू? कार्डांनी. भोकं पाडलेली कार्डं, बाई. एवढी एवढी. गठ्ठाच्या गठ्ठा आत घालतात." हसताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथं काम करणाऱ्या एका तरुण मुलाला त्यांनी विचारलं, याला माहीत नसेल तेव्हा हे काय म्हणतं? हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. मग त्यानंच डॉक्टरांना बसवून घेतलं आणि त्या दोघांचं जे बोलणं सुरू झालं ते चहा गार होईपर्यंत. डॉक्टर म्हणाले, आत्ता कुठं सुरुवात झालीय. आपण नसू, पण हे घरोघरी जाईल, खिशात जाईल, असं मी त्याला म्हणालो तर तो मुलगा हसला, पण नाही म्हणाला नाही.

शिट्टी झाली. गाडी हलली. छोट्या रेल्वेचा वेग तो काय. डॉक्टर खिडकीबरोबर चालायला लागले, मग भराभर, मग धोतराचा सोगा धरून पळायला लागले. तोंड चालूच होतं. मला निम्मं ऐकू येत होतं. ते पुढच्या वर्षी पुन्हा जाणार होते. त्या मुलानं काहीतरी करून दाखवायचं कबूल केलं होतं. काय, ते इंजिनाच्या आवाजात गेलं. मी हात हलवला. आमचा डबा पुढं निघाला, आणि डॉक्टर मागं पडले.

वळणावर मी खिडकीतून डोकं काढून मागं पाहिलं. ते अजून फलाटाच्या टोकाकडं पळत होते, आता शेवटच्या डब्याबरोबर, दोन्ही हात पसरून केवढं तरी मोठं काहीतरी दाखवत. मला नव्हे, गार्डाला. गार्डानं हिरवा बावटा खाली घेतला होता आणि तो दारातून वाकून ऐकत होता.